अतींद्रिय शक्ती असलेल्या पोरांच्या विज्ञानकथा सगळ्या एकाच साच्यातल्या वाटतात. वेगळं काही आहे का?

जॉन विंडमचं 'द क्रिसॅलिड्स' वाचा. १९५५ चं आहे, म्हणजे 'एक्स-मेन' कॉमिक्सच्याही (१९६३) आधीचं.

साच्याचं तुमचं म्हणणं खरंच आहे. पोर वयात येतं, शक्ती जागी होते, सरकारी माणसं मागे लागतात, नाकातून रक्त येतं आणि शेवटी सगळं उद्ध्वस्त. तिथे शक्ती म्हणजे हत्यार. विंडमकडे ती घरातल्यांपासून लपवायची गोष्ट आहे.

कथा घडते कॅनडातल्या लॅब्राडॉरमध्ये. फार पूर्वी महासंहार झालाय. वाचकाला कळतं की ते अणुयुद्ध असणार, पात्रांच्या लेखी तो देवाचा कोप. पिकात किंवा जनावरात जरा वेगळेपण दिसलं की नष्ट करायचं. माणसात दिसलं की सीमेपलीकडच्या रानात हाकलायचं. कथानायक डेव्हिडचा बाप यात सगळ्यांच्या पुढे. आणि डेव्हिड व आसपासची काही मुलं एकमेकांशी मनातल्या मनात बोलतात! बाहेरून काही दिसत नाही म्हणूनच ती वाचलीत. सोफी या मैत्रिणीच्या पायाला सहा बोटं. तिचा ओल्या पावलाचा एक ठसा कुणीतरी पाहतो आणि त्या कुटुंबाला घरदार सोडून पळावं लागतं.

एकदा डेव्हिडच्या हाताला लागतं. एकट्याला पट्टी बांधता येईना, तेव्हा तो सहज बोलून जातो, अजून एक हात असता तर जमलं असतं. बस्स, एवढ्यावर बाप जो पेटतो! आमच्या घरी सोवळं कडक होतं म्हणून असेल, पण टेलिपथीच्या सगळ्या करामतींपेक्षा मला हेच जास्त लक्षात राहिलंय.

त्यानंतर स्टीफन किंगचं 'कॅरी' (१९७४) घ्या. तिथे शक्ती असलेल्या कॅरीची आई धर्मवेडी. शेवट तुमच्या साच्यातलाच आहे, पण तिथवर नेणारा शाळेतला छळ फार खरा वाटतो.

(पुढे 'क्रिसॅलिड्स'चा शेवट फुटतो. नको असेल तर इथेच थांबा.)

तो शेवट मला पटत नाही. पोरांना सोडवायला सीलंडहून, म्हणजे न्यूझीलंडहून, एक बाई येते. तीही मनाने बोलणारी. पाठलाग करणारे तिच्या यंत्रातून सुटलेल्या धाग्यांत गुरफटून मरतात आणि ही शांतपणे समजावते की आपली जमात वरचढ, जुनी माणसं संपायचीच. सूर थेट डेव्हिडच्या बापाचा. विंडमने हे मुद्दाम केलं की नकळत झालं, यावर माझं मत दर वाचनात बदलतं.