‘माझं अंगच मला जड वाटतं’

“मॅडम, व्यायाम करायचाय, पण अंगच उचलत नाही.” समुपदेशक म्हणून हे वाक्य माझ्याकडे सतत येतं. गृहिणींकडून, निवृत्त गृहस्थांकडून, हल्ली कॉलेजच्या मुलांकडूनही. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. पण अनेकदा रिपोर्ट चांगले असतात आणि जडपणा तसाच राहतो.

चाळिशीतल्या एका शिक्षिकेचंही तसंच होतं.

“घरात चालायचात ना? कधी सोडलंत?”

“खालच्या काकूंनी विचारलं, वर काय कुटत असता? तेव्हापासून मलाच ऐकू येतं. धप, धप.”

इथे स्वतःबद्दलच्या विचारांकडे वळणं सोपं होतं. मी आवाजाकडे वळले. मनाची गाठ कधीकधी शरीराच्या बाजूने लवकर सुटते, असं माझं मत आहे. काही सहकारी यावर हसतात, हसोत.

आपलं शरीर कसं आहे याचा अंदाज मेंदू डोळे आणि स्नायूंसोबत कानांवरूनही बांधतो. 2015 साली संशोधक आना ताजादुरा-हिमेनेथ आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग प्रसिद्ध केला. सँडलला मायक्रोफोन, कानाला हेडफोन. स्वतःच्याच पावलांचा आवाज थोडा बदलून त्याच क्षणी ऐकवायचा. आवाजातला उंच पट्टीचा, टणक भाग वाढवला की लोकांना आपलं शरीर हलकं वाटे, आणि चालही बदले. पुढे हालचालीसोबत वाऱ्याचा किंवा पाण्याचा आवाज देणारे, अंगावर बांधायचे पट्टेही तयार झाले.

माझ्याकडे असलं यंत्र नव्हतं. मी विचारलं, “पायात बांधायचं, वाजणारं काही आहे घरी?”

त्या हसल्या. “कथकचे घुंगरू आहेत. आठवीत सोडलं.”

पुढच्या वेळी पिशवीतून घुंगरू आले. माझ्या खोलीत त्या आधी अवघडून चालल्या. मग पाय आपोआप तत्कारावर, कथकमधल्या पायांच्या ठेक्यावर, गेले. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. मी काहीच बोलले नाही. बराच वेळ.

“धप ऐकू आलं?”

“नाही... लक्षच गेलं नाही.” खाली बघून म्हणाल्या, “हे माझेच पाय ना?”

वजन तेच होतं. घुंगरू म्हणजे तो प्रयोग नव्हे, आणि त्यात जुना आनंदही मिसळला होता, हे मला कळतं. पण एक गोष्ट मला त्या दिवशी स्वच्छ दिसली. मनगटावरचं घड्याळ पीप पीप करून गुण देतं: इतकी पावलं कमी पडली. घुंगरू गुण देत नाहीत, पावलासोबत वाजतात. जडपणाची तक्रार असणाऱ्याला हा दुसरा आवाज हवा.

म्हणून मी सांगते: घड्याळाच्या सूचना काही दिवस बंद ठेवा. घरातल्या फरशीवर वेगवेगळ्या तळव्यांची पादत्राणं घालून चाला, कोणत्या आवाजात पाय मोकळा होतो ते बघा. पैंजण चालतील, टाळ्याही चालतील. रस्त्यावर मात्र कान मोकळे ठेवा. गुडघा दुखत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ. आणि जेवण सोडून बारीक होण्याचा ध्यास लागलेल्या मुलींना मी हा उपाय देत नाही. हलकं वाटण्याची ओढ त्यांना आधीच फार असते.