एसीचं बटण दाबलं की ट्रक किंचाळतो, कॉम्प्रेसर बदलू का?

प्रश्न : मिस्त्रीदादा, नमस्कार. माझी सहाचाकी जुनी आहे, एसी नंतर बाहेरून बसवून घेतला. हिवाळाभर जिनिंगवरून सरकीच्या खेपा, आता चणा भरतो. मार्चपासून एसीचं बटण दाबलं की बोनेटखालून कर्कश चीं आवाज येतो. सकाळी दोन-चार सेकंदांत थांबतो, दुपारी थांबतच नाही. गाडी पळताना गारवा बरा, उभी राहिली की गरम हवा. बेल्टला साबण लावला, घटकाभर बरं वाटलं. गॅरेजवाले म्हणतात, कॉम्प्रेसर गेला. टाकू का नवीन?
— एक ट्रकमालक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, इतक्यात पैसे काढू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला तरी कॉम्प्रेसरपेक्षा (गॅस दाबणाऱ्या पंपापेक्षा) कंडेन्सरचा, म्हणजे रेडिएटरजवळच्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा, संशय जास्त येतो.

एसी बंद असला तरी कॉम्प्रेसरची पुली इंजिनाबरोबर फिरतच असते. बटण दाबल्यावर क्लच प्लेट तिला चिकटते आणि मग कॉम्प्रेसर फिरतो. एसी बंद ठेवूनही आवाज येत असता तर पुलीचं बेअरिंग नाहीतर बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर पाहा म्हटलं असतं, आणि बेअरिंग एकटंही बदलता येतं. तुमचा आवाज बटणावरच येतो, उन्हात वाढतो, गाडी उभी राहिली की गारवा जातो. म्हणजे लोड जास्त होतोय आणि बेल्ट घसरतोय.

तुम्ही सरकी वाहता हे फार बरं केलं सांगितलं. आपल्या भागातल्या गाड्यांत ही गोष्ट हमखास सापडते. कंडेन्सर समोरून स्वच्छ दिसतो, पण तो आणि रेडिएटर यांच्या फटीत टॉर्च मारून बघा. कापसाची रुई, धूळ आणि तेलकटपणा मिळून तिथे नमद्यासारखा थर बसतो. हवा जात नाही, गॅसची उष्णता बाहेर पडत नाही, प्रेशर चढतं. ४५ अंशांत एसीतला १३४ नंबरचा (आर-१३४ए) गॅस नुसत्या उभ्या, बंद गाडीतही १५० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास असतो. त्यावर जाळी बुजलेली असेल तर चालू एसीत हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, काटा ३५०च्या वर जातो, आणि एवढा भार जुना बेल्ट ओढू शकत नाही. इंजिन गार झाल्यावर आतून बाहेर, साध्या नळीच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा नको, पत्र्याच्या बारीक पात्या आडव्या होतात. पंखा नीट हवा ओढतो का तेही बघा.

मागच्या उन्हाळ्यात कुणी अंदाजाने गॅस भरला असेल तर जास्तीच्या गॅसनेही हेच होतं. गॅस पूर्ण काढून, व्हॅक्यूम करून (लाइनमधली हवा ओढून काढून), वजनावर भरून घ्या. पाइप गार लागला म्हणजे गॅस बरोबर, असं नसतं.

मग बेल्ट. साबण पुन्हा लावू नका, त्याने बेल्ट चकचकीत होऊन आणखी घसरतो. तुमचा व्ही-बेल्ट असेल तर तो पुलीच्या खाचेच्या तोंडापर्यंत भरून बसायला हवा. खाचेचा तळ घासून चकाकत असेल, तर बेल्ट झिजून तळाला टेकतोय. तो कितीही ताणा, चिरकणारच. बदला. मधोमध अंगठ्याने जोर दिला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. त्याहून कडक ताणला तर बेअरिंग जातं.

बाहेरून बसवलेल्या एसीत ब्रॅकेटचे बोल्ट आपल्या रस्त्यांवर सैल होतात. दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी टेकवून त्या एका रेषेत आहेत का बघा. चालू इंजिनात लांबून बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर पुल्या वाकड्या, वाढला तर बेल्ट घसरतोय. त्या वेळी गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, हे मी हात जोडून सांगतो.

बेल्ट ठीक आणि जळका वास येत असेल तर क्लच घसरतोय. प्लेट आणि पुलीतली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बहुतेक कॉम्प्रेसरांत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. रिले न टाकता थेट स्विचवरून वायर ओढली असेल, तर क्लचच्या कॉइलला (प्लेट ओढणाऱ्या चुंबकाला) पुरतं व्होल्टेज मिळत नाही आणि प्लेट घट्ट धरत नाही.

कॉम्प्रेसर खरंच गेला का, हे इंजिन बंद करून पुढची प्लेट हाताने फिरवली की समजतं. एकसारखी, थोड्या जोराने फिरली तर त्याला हात लावू नका. अडकली, खरखरली, किंवा गॅस काढताना तेलात धातूचा चुरा दिसला तर बदला. पण तेव्हा लाइन धुऊन ड्रायरही (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) नवा टाकायला लावा, नाहीतर तोच चुरा नवा कॉम्प्रेसर खाईल.

२०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. जुन्या गाड्यांना सक्ती नाही, तरी तुम्ही ड्रायव्हरसाठी एसी बसवलात, याचा आनंद वाटला. आधी जाळी धुवा, बेल्ट बघा, मग दुपारी दोनच्या उन्हात गाडी उभी ठेवून एसी चालवा. तरीही आवाज आला तर गॅसचं दोन्ही बाजूंचं (जास्त आणि कमी दाबाच्या) प्रेशर मोजून घ्या आणि आकडे मला लिहा.