पत्नीला दुसरा महिना आहे आणि शेजारच्या सोयाबीनवर तणनाशक फवारले, वास घरात आला. बाळाच्या मेंदूला धोका आहे का?

आपला प्रश्न वाचून मला राहवले नाही, कारण २०१७ च्या जुलैमध्ये मलाही दुसरा महिना होता आणि सांवेरकडच्या आमच्या शेतात सोयाबीनवर तणनाशकाची फवारणी चालू होती. राहायला आम्ही इंदूरला, पण पेरणी ते निंदाई सगळे घर शेतावर मुक्कामाला असते. धाकटे दीर पाठीवरचा पंप अंगणातच भरत आणि संध्याकाळी अंगावरचे कपडे मोरीत टाकत. पंप गळका असल्याने सदऱ्याची पाठ कमरेपर्यंत भिजलेली असे, साबण लावताच तो उग्र वास पुन्हा उठे, आणि हे कपडे रोज मी हाताने धूत होते. हरकत घेतली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, गवताचं औषध आहे हे, गवतालाच लागतं." सासूबाईंनीही मलाच गप्प केले.

दिरांचे म्हणणे अर्धेच खरे होते. उभ्या सोयाबीनमधले इमॅझेथापिर काय किंवा बांधावरचे ग्लायफोसेट काय, ही तणनाशके वनस्पतींतील ज्या विकरांना (एन्झाइमांना) अडवतात ती माणसाच्या पेशींत नसतात. पण एवढ्यावरून गर्भाला काही होणार नाही असे ठरत नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात ७१ गर्भवतींच्या लघवीची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले: ९३ टक्के जणींत ग्लायफोसेट सापडले, आणि ज्यांच्यात ते अधिक होते त्यांची प्रसूती काहीशी लवकर झाली. २०१९ मधील कॅलिफोर्नियाच्या अभ्यासात, गर्भारपणी घरापासून २,००० मीटरच्या आत ग्लायफोसेट फवारले गेले असल्यास मुलात स्वमग्नता (ऑटिझम) आढळण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी अधिक दिसली. शिवाय मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळ घरांत गोड बातमी कळण्याच्या आतच. म्हणून "दिवस राहिल्यावर काळजी घेऊ" हे म्हणणे मला मुळीच पटत नाही.

माझी मुलगी तीन आठवडे आधी जन्मली आणि अडीच वर्षांची होईपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नव्हती. आज ती अस्खलित बोलते. त्या उशिराचे कारण ते कपडेच होते असे मी म्हणत नाही. वरचे अभ्यासही संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत.

आपल्याकडे एकदा वास आला, एवढ्याने पत्नीला घाबरवू नका. औषधाच्या डब्यावरचे नाव शेजाऱ्यांकडून लिहून घ्या व डॉक्टरांना दाखवा, फॉलिक ॲसिड चुकवू नका, पुढच्या फवारणीचा दिवस आधी विचारून त्या दिवशी पत्नीला दुसरीकडे ठेवा. आणि आपल्या घरी कोणी फवारणी करत असेल तर त्याने बाहेरच अंघोळ करावी आणि आपले कपडे वेगळ्या बादलीत स्वतः धुवावेत, घरातली बाई गर्भवती असो वा नसो. माझ्या दिरांना हे आजही मान्य नाही, पण त्या जुलैनंतर मी त्यांच्या फवारणीच्या कपड्यांना हात लावलेला नाही.