निपाणीत काळी माती आणि बोअरचं पाणी आहे. परसात ब्लूबेरी लावली तर जगेल का?

जमिनीत नाही जगणार. कुंडीत जगेल. ब्लूबेरीला आंबट माती लागते, सामू (pH, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) 4.5 ते 5.5. तुमच्याकडची काळी माती चुनखडीची. तिच्यात झाडाला लोह घेता येत नाही, पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या तांबड्या मातीत जमेल कदाचित, पण तिथल्या पावसात पाणी साचलं की मुळं कुजली म्हणून समजा.

सुरुवातीला 15-20 लिटरची, खाली भोकं असलेली कुंडी पुरे. धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाइनच्या सालीचे तुकडे आणि थोडं भाताचं तूस भरा. शेणखत बेतानंच. चुलीतली राख मात्र अजिबात नको, तिनं सामू वर चढतो. (आमच्याकडं प्रत्येक झाडाला राख घालायची सवय, म्हणून मुद्दाम सांगतोय.)

खरी अडचण पाण्याची आहे. बोअरचं जड पाणी हळूहळू सामू वाढवतं. पन्हळीचं पावसाचं पाणी पिंपात साठवा. नाहीतर बोअरच्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाकून सामूच्या पट्टीनं तपासत चला. मुळं बारीक आणि वरवरची असतात, त्यामुळं ओल रोज हवी, चिखल नको.

रोप घेताना 'बिलॉक्सी' किंवा 'मिस्टी'सारखं कमी थंडीवर येणारं घ्या, शक्यतो दोन जातींचं. पहिल्या वर्षीची फुलं खुडून टाका. जीवावर येतं, पण खुडाच. एप्रिल-मेत दुपारची सावली द्या, आणि फळं धरली की जाळी, नाहीतर बुलबुल आधी खातील.