चटणीच्या पाकिटावरचा जुना पत्ता

प्रश्न : सर, मंगळवार पेठेत आमचं कांदा-लसूण चटणीचं घरगुती काम आहे. उन्हाळ्यात दोन हजार पाकिटं छापून घेतली. त्यावरचा क्यूआर कोड जुन्या वेबसाइटच्या 'चटणी डॉट एचटीएमएल' या पानाचा आहे. दिवाळीनंतर भाच्यानं साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं केली आणि जुन्या पानावर येणारा माणूस नव्या पानावर जावा म्हणून सीपॅनेलमधून (होस्टिंगवाल्यानं दिलेल्या नियंत्रण-पानावरून) रीडायरेक्ट टाकला. आठ दिवस झकास चाललं, मग ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही', असं यायला लागलं. भाच्यानं व्हिडिओ बघून एका फाइलमध्ये हातानं ओळ घातली. ती चालली, पण दोन दिवसांनी ओळच गायब! आता त्यानं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं काहीतरी केलंय, तर साइटच उघडेना. 'टू मेनी रीडायरेक्ट्स' असं येतंय. चौदाशे पाकिटं शिल्लक आहेत. टाकून द्यायची का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, पाकिटं अजिबात टाकू नका. क्यूआर कोडात नुसता पत्ता असतो. त्या पत्त्यावर आलेल्या माणसाला कुठं पाठवायचं हे आपल्या सर्व्हरच्या, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकाच्या, हातात आहे.

आधी बंद पडलेली साइट उघडू. भाच्यानं सीपॅनेलमध्ये 'बिनडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्यांना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर पाठव' असं सांगितलेलं दिसतंय. आणि वर्डप्रेसच्या सेटिंग्ज-जनरलमध्ये साइटचा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय असणार. मग सर्व्हर म्हणतो तिकडं जा, वर्डप्रेस म्हणतो इकडं ये. गुजरीत दोन भावांची दुकानं समोरासमोर असावीत आणि दोघांनीही गिऱ्हाईक एकमेकांकडं पाठवत राहावं, तसं. क्रोम अशा वीस हेलपाट्यांनंतर हात टेकतो. सीपॅनेलच्या रीडायरेक्ट्समधली ती नोंद काढून टाका. वर्डप्रेस डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा निवाडा आपणहून करतं, त्याला मदतनीस लागत नाही. नोंद काढल्यावरही तुमच्या फोनवर तेच दिसलं तर घाबरू नका. ३०१ म्हणजे कायमचा रीडायरेक्ट, आणि ब्राउझर तो लक्षात ठेवतो. इनकॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या जुनं काही न आठवणाऱ्या खिडकीत, किंवा शेजारणीच्या फोनवर बघा.

आता खरी भानगड. आठ दिवस चाललं आणि मग बंद पडलं, हे वाचून मला एकच शंका आली. नवव्या दिवशी भाच्यानं सर्व्हरवरच्या जुन्या फाइली उडवल्या ना? विचारा त्याला. पोरगं हुशार दिसतंय, आणि हुशार पोरांना साफसफाईची घाई असते.

सांगतो का ते. सर्व्हरवर 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' नावाची एक फाइल असते. नाव टिंबानं सुरू होतं म्हणून ती लपलेली असते. सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये 'शो हिडन फाइल्स'वर खूण केली की दिसते. सीपॅनेलचा रीडायरेक्ट याच फाइलमध्ये लिहिला जातो आणि वर्डप्रेसही आपले नियम हिच्यातच लिहितं. ही फाइल वरून खाली वाचली जाते. वर्डप्रेसचा नियम असा, की मागितलेल्या नावाची फाइल किंवा फोल्डर जागेवर असेल तर मी मध्ये पडत नाही. नसेल तर ती मागणी माझ्या इंडेक्स डॉट पीएचपी या मुख्य फाइलकडं द्या आणि पुढचं वाचू नका. तुमचा सीपॅनेलचा रीडायरेक्ट या नियमाच्या खाली जाऊन बसला असणार. जुनी 'चटणी डॉट एचटीएमएल' जागेवर होती तोवर वर्डप्रेस बाजूला सरकायचं आणि खालच्या ओळीला संधी मिळायची. फाइल उडाली, वर्डप्रेसनं मागणी आधीच उचलली, असलं पान आपल्याकडं नाही म्हणून ४०४ दिलं. रीडायरेक्ट तसाच आहे, बिचाऱ्यापर्यंत पाळीच पोचत नाही. खात्री करायची असेल तर त्या नावाची रिकामी फाइल परत चढवा. रीडायरेक्ट लगेच जिवंत होईल.

मग हातानं घातलेली ओळ का गेली? या फाइलमध्ये 'बिगिन वर्डप्रेस' आणि 'एंड वर्डप्रेस' अशा दोन खुणा असतात. मधली जागा वर्डप्रेसची. भाच्यानं ओळ नेमकी तिथं घातली असणार. पुढं कधी पर्मालिंकची (पानांच्या पत्त्यांची) सेटिंग्ज सेव्ह केली, की वर्डप्रेस तो तुकडा स्वतःच्या हिशोबानं पुन्हा लिहून काढतं. आपली ओळ त्यात नसतेच. आतले बदल पुसले जातील अशी सूचनाही नव्या आवृत्त्या तिथंच लिहून ठेवतात, पण व्हिडिओ बघताना सूचना कोण वाचतो?

तेव्हा रीडायरेक्टची ओळ 'बिगिन वर्डप्रेस'च्या वर, खुणांच्या बाहेर ठेवा. सीपॅनेलनं खाली लिहिलेली तीच ओळ, तिच्या आधीच्या अटींच्या ओळींसकट, कापून वर चिकटवली तरी चालेल. हात लावायच्या आधी फाइलची प्रत करून ठेवा, कारण एका अक्षराच्या चुकीनं अख्खी साइट ५००, म्हणजे 'सर्व्हरमध्ये बिघाड', दाखवते. वर्डमध्ये उघडू नका, ते अवतरणचिन्हं वाकडी करतं; फाइल मॅनेजरचा एडिटर बरा. आणि घडी बसेपर्यंत ३०१ ऐवजी ३०२ लिहा. तो तात्पुरता असतो, म्हणून चुकलं तरी सहसा ब्राउझरच्या डोक्यात राहत नाही. नीट चाललं की ३०१ करा.

या फाइलनं मलाही रडवलंय. राजारामपुरीत मी क्लास चालवायचो तेव्हा फ्रंटपेज या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा जमाना होता. त्याची सर्व्हरवरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे जोड-प्रोग्राम, याच फाइलमध्ये आपली नोंद ठेवायची. एका गिऱ्हाइकाचा रीडायरेक्ट टाकताना मी आधीचं सगळं 'कचरा' समजून पुसलं. रीडायरेक्ट चालला, पण फ्रंटपेजमधून पान पब्लिश होईना. त्या पायी रविवार गेला. पुढं २००६मध्ये फ्रंटपेजच बंद झालं. दुसऱ्याची खूण दिसली की तिथं हात घालायचा नाही, एवढं मात्र तेव्हापासून पाळतो.

काहीजण यावर रीडायरेक्टचं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, सुचवतील. वाईट नाही, ४०४ जिथं तयार होतं तिथंच ते काम करतं, त्यामुळं वर-खालीचा प्रश्न येत नाही. पण मग सीपॅनेलमधली आणि फाइलमधली ओळ काढा. एकच रीडायरेक्ट तीन ठिकाणी ठेवला, तर पुढच्या वेळी कोण अडवतंय हे शोधण्यात तुमची अख्खी दुपार जाईल, आणि चटणी कांडायच्या दिवसांत तेवढी सवड कुणाला असते?

पाकिटं संपली तरी ओळ काढू नका. रिकामं पाकीट मसाल्याच्या डब्यात तसंच पडून राहतं आणि पुढच्या मोसमात कुणीतरी तोच कोड स्कॅन करतं. ओळ वर हलवून झाली की भाच्याला पर्मालिंकची सेटिंग्ज मुद्दाम दोनदा सेव्ह करायला लावा, मग इनकॉग्निटोत एक पाकीट स्कॅन करा. तरीही ४०४ आलं, तर त्या फाइलची प्रत मला पाठवा.