सुई टोचणाऱ्या हाताचा सराव

प्रश्न : वय ३६, डबल मार्करमध्ये (बाळात डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्र-दोष असण्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) धोका जास्त आलाय. गर्भजल तपासणी (पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढून तपासणं) सुचवली आहे. ती कोणाकडून करून घ्यावी?

उत्तर : 'तुम्ही वर्षाला अशा किती तपासण्या करता?' असं डॉक्टरांना सरळ विचारा, संकोच नको. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत वर्षाला किमान ३० चा सराव अपेक्षित आहे. निष्णात हातात या तपासणीमुळे होणाऱ्या गर्भपाताचा वाढीव धोका ०.५ टक्क्यापेक्षा कमी असतो.

तपासणी १५ आठवडे पूर्ण झाल्यावरच करावी. सुई ०.९ मिमीपेक्षा जाड नको आणि तिचं टोक सोनोग्राफीच्या पडद्यावर सतत दिसायला हवं. नवख्या हातून नेमकं तेच निसटतं, मग पुन्हा टोचावं लागतं. दोनदा टोचूनही पाणी आलं नाही, तर अधिक अनुभवी डॉक्टरांना बोलवायला हवं. साधारण १५-२० मिली पाणी काढतात. पहिले १-२ मिली बाजूला ठेवतात, कारण त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात.

तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीच सांगा. बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन तपासणीनंतर ७२ तासांच्या आत लागतं. केंद्राची पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा) नोंदणी पाहा, संमतीपत्र मराठीत मागा. नंतर पाणी जाणं, रक्तस्राव किंवा ताप दिसला तर लगेच रुग्णालय गाठा.