सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला चित्रकथीच्या (चित्रं दाखवत कथा सांगायची लोककला) कार्यशाळेला जातोय, गटात कसं वागावं?

मुख्य गोष्ट, दुसऱ्याच्या चित्राला न विचारता ब्रश लावू नका. ‘इथे जरा लाल हवा होता’ हा सल्लाही मागितल्याशिवाय नको. ही कला जपणाऱ्या ठाकर समाजातल्या कलाकारांनी जुन्या पोथ्या (एकेका कथेच्या चित्रांचे संच) दाखवल्या तर त्या कागदी चित्रांना रंगाळलेले हात लावू नका, फोटोआधी विचारा. गढूळ पाणी ज्याचं त्याने बदलावं (हे कुणीच करत नाही!). पावसाळ्यात कोकणात कागद लवकर वाळत नाही. ओल्या चित्रावर चित्र ठेवलंत की दोन्ही गेली. मोबाईल सायलेंटवर. कलाकार कथा सांगत असताना मधेच ‘रामायणात असं नाहीये’ म्हणू नका. त्यांची कथा त्यांच्या परंपरेतून आलेली असते. शंका असेल तर सांगून झाल्यावर विचारा, बहुतेक आनंदाने समजावतात.